अप्पांच्या जेवणाची सरासरी

आमच्या अप्पांच्या पायात दाभण घुसलं, हे अप्पा सोडून सगळ्या मोंढ्याला कळलं होतं.

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान आहे. शेतकऱ्यांचा माल येतो, अप्पा तो विकून देतात आणि दोन सौद्यांच्या मध्ये चहा पितात. (चहा निमित्ताला, साखर मुख्य.) त्या दिवशी पोती शिवायचं दाभण कुणाच्या तरी हातून खाली पडलं होतं. अप्पांनी नेमका त्यावर पाय दिला. ते चपलेचा तळ फोडून सरळ अंगठ्यात शिरलं आणि अप्पा तसेच सौदे करत फिरत राहिले! थोड्या वेळानं फरशीवर लाल ठसे दिसले, तेव्हा तेच हमालांवर ओरडले, "आरं, कुणाचं रगत सांडून राहिलंय? बघा की जरा आपापल्या पायाकडं!"

सगळ्यांनी आपापले पाय उलटेपालटे करून तपासले. मग त्यातला एक जण चाचरत म्हणाला, "अप्पा, तुमचंच हाय."

"हॅट! मला कुठं दुखायलंय?"

न दुखणं हेच खरं दुखणं होतं. अप्पांची साखर म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीची. तिनं पायाच्या नसा केव्हाच मारून टाकल्या होत्या. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि आईला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, वरून मी कितीही औषध लावलं तरी जखम भरणार आतून. साखर खाली आली तर अंगठा राहील. नाही आली तर अंगठा काढावा लागेल. आणि मग तो रोग अंगठ्यावरच थांबेल, अशी हमी मी देणार नाही."

आईनं मला नांदेडला फोन केला. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शैले, मला लई भ्या वाटून राहिलं गं." मलाही वाटत होतं. पण मी गणित शिकवते ना! कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी-बारावीला. गणित शिकवणाऱ्याला एक खोड असते. घरात कुणी आजारी पडलं की माणूस आधी रडतो, हा आधी आकडे मागतो.

त्याच रविवारी मी आणि माझे यजमान बालाजीराव लातूरला गेलो. (बालाजीराव हा एक निसर्गाचा अन्याय आहे. बसल्या बैठकीला पावशेर जिलबी खाऊन हा माणूस काठीचा काठीच राहतो. मला फुगायला नुसता वास पुरतो.) घरात सल्ल्यांचा बाजार भरला होता. कुणी जांभळाच्या बियांची पूड आणून दिली होती, कुणी कारल्याचा रस. एका काकूंनी तर उदगीरकडच्या कुठल्याशा बाबाचा अंगारा आणला होता आणि तो साखरेच्या खड्यासोबत घ्यायचा होता! मी सगळं बाजूला सारलं आणि अप्पांच्या मोबाइलवर एक ॲप टाकलं.

हे ॲप अन्नाचा ग्लायसेमिक इंडेक्स सांगतं. म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगानं चढवतो, त्याचा आकडा. हळू चढवणारा हिरवा, मधला पिवळा, धडाधड चढवणारा लाल. जे खाल ते त्यात भरायचं. संध्याकाळी ते दिवसभराच्या खाण्याची सरासरी काढून दाखवायचं, अप्पांच्या मोबाइलवर आणि माझ्याही. शिवाय आत एक बाई होती. आकडा हिरवा आला की ती अगदी मधाळ पुणेरी आवाजात म्हणायची, "खूप छान!"

आईनं कपाळाला आठ्या घातल्या. "कोण गं ही? चाळीस वर्सं रांधून घालून राहिले, मला एकदा तरी म्हणला का ह्यो माणूस खूप छान?"

"आई, ते मशीन आहे."

"मशीन आसंल नाहीतर कोण आसंल. लाडात कामून बोलायलीय?"

अप्पांना मात्र बाई पसंत पडली. त्यांनी तिची परीक्षाच घेतली.

"टरबूज बघ."

"लाल."

"आरारा! आन आईसक्रीम?"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "पिवळं."

अप्पा मांडी सावरून बसले. "ही बाई लई शानी हाय, शैले!"

"अप्पा, तसं नाही. त्यात साय असते, म्हणून साखर जरा हळू चढते. याचा अर्थ आईसक्रीम खायचं असा नाही." पण अप्पांनी 'हळू' या शब्दानंतरचं काही ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, की ताटात तर पाच पदार्थ असतात, बाई एकच आकडा कसा काढते? इथे मी जी चूक केली, ती गणिताच्या मास्तरणीशिवाय कुणी करणार नाही. मी त्यांना भारित सरासरी शिकवली! भात एवढा, त्याचा आकडा एवढा. डाळ एवढी, तिचा एवढा. सगळं एकत्र करून भागलं की ताटाचा आकडा. अप्पांचे डोळे चमकले.

"म्हंजे वला माल आन वाळका माल!"

मोंढ्यात सोयाबीनची ओल मशीनवर मोजतात. ओल जास्त निघाली की खरेदीदार माल नाकारतो. मग काही आडतवाले काय करतात, तर एका ओल्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, दोन वाळलेले कट्टे मिसळतात. मशीनला दिसते ती सरासरी. माल पास!

"शाब्बास, अप्पा! अगदी हेच!" मी टाळी वाजवली. हो, वाजवली. जे समजावताना वर्गात माझा घसा बसतो, ते माझ्या सातवी पास बापाला एका दमात कळलं होतं. मला इतका अभिमान वाटला, की त्यांना नेमकं काय कळलंय हे पाहायचं राहूनच गेलं.

आम्ही नांदेडला परतलो आणि रोज संध्याकाळी माझ्या मोबाइलवर हिरवा आकडा उमटू लागला. सोमवारी हिरवा. मंगळवारी हिरवा. दसऱ्याच्या झेंडूनंतर मी इतकं एकसारखं काही पाहिलं नव्हतं. मी फोन करून अप्पांचं अभिनंदन करायची. स्टाफरूममध्ये आलेख दाखवायची. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्या अप्पांची जिद्द बाई मोठी!"

फक्त बालाजीराव म्हणाले, "अगं, पण ते खाऊन काय राहिलेत?"

"सरासरी बघा ना! खाण्याशी काय करायचंय?"

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोलले.

मग आईचा फोन आला. "शैले, तुझे अप्पा उकडलेले हरभरे खाऊन राहिलेत गं, बैलावानी."

"हरभरे हिरवे आहेत आई. खाऊ दे."

"आगं, पर त्याच्या आदी गुलाबजाम खाल्ले ना!"

"किती?"

"चार."

मी मनातल्या मनात हिशोब केला. "मग अजून वाटीभर हरभरे दे."

तर प्रकार असा होता. अप्पांनी लाल पदार्थ सोडला नव्हता, त्यात हिरवा मिसळायला सुरुवात केली होती! जिलबी खाल्ली की वर दोन मुठी शेंगदाणे. भात खाल्ला की भांडंभर मटकी. एक लाल घास पास करायला चार हिरवे घास लागत, त्यामुळे सरासरी उतरत होती आणि अप्पांचं जेवण दुप्पट होत होतं. हरभरे शिजवून शिजवून घरच्या कुकरची शिट्टी उडाली. अप्पांचं पोट धोतराच्या बाहेर डोकावू लागलं. ते म्हणायचे, "ताकद भरून राहिली अंगात!"

बघता बघता मोंढ्यात अप्पांचं नाव झालं. साखरवाले काय, तिथं दुकानागणिक एक आहेत. दुपारी सगळे आपापले डबे घेऊन अप्पांच्या गादीवर जमू लागले. अप्पा चष्मा लावून एकेक डबा तपासायचे.

"अप्पा, बालुशाही हाय. दोन."

"दाणे किती आणलाव?"

"मूठभर."

"मुठीनं काय हुतंय? वाटीभर घाल. वर ताक पी. हां, आता बघ."

"खूप छान!" बाई म्हणायची.

"पास!" सगळी गादी ओरडायची आणि बालुशाही पोटात जायची. त्या दिवसांत मोंढ्याजवळच्या औषधाच्या दुकानात गॅसच्या गोळ्या मागूनही मिळत नव्हत्या, असं म्हणतात.

डॉक्टरांनी रक्त तपासून यायला सांगितलं होतं. अप्पा गेले नाहीत. "मोबाइलात हिरवं हाय. फुकट कशाला टोचून घ्यायचं?" त्यांनी मला विचारलं आणि मी म्हणाले, "बरोबर आहे. येळवस झाली की जाऊ." पट्टी बदलायला येणारी बाई म्हणत होती, की जखम ओली आहे. पण तिच्याकडे आलेख नव्हता.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. रस्त्यावर कुत्रं भेटत नाही, कारण तेही कुणाच्या तरी गाडीतून शेतात गेलेलं असतं. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आमंत्रणं असतात आणि एकालाही नाही म्हणायची सोय नसते. आम्ही दोघं सकाळीच पोहोचलो. आई डब्यांवर फडकी बांधत होती. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "तुझ्या अप्पाच्या पायाला वास येऊन राहिलाय गं."

"बाहेरून येत असेल. नाली तुंबली असेल."

"वास मला कळत न्हाई का?"

"आई, हे बघ. एवढ्या दिवसांत एकही लाल दिवस नाही. आकडे खोटं बोलतात का?"

आई पुन्हा फडकी बांधायला लागली. मी शिकलेली आहे यावर तिचा फार विश्वास होता.

शेतात कडब्याच्या खोपीत पूजा झाली. पूजेला चपला चालत नाहीत, म्हणून अप्पा पट्टी बांधलेल्या पायानंच काळ्या रानात फिरले, खोपीला प्रदक्षिणा घातली. मग पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील, गव्हाची खीर, शेंगांची पोळी. भज्जी म्हणजे तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे ताकात-बेसनात शिजवलेली भाजी. सगळी हिरवीगार, ॲपमध्येही! मी मोबाइल घेऊन अप्पांच्या शेजारीच बसले होते.

"खीर घेऊ का, शैले?"

"घ्या. पण वर दोन डाव भज्जी."

"आजून एक वाटी खीर?"

"मग अजून तीन डाव."

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून हाक आली, "अप्पा, आमच्या खोपीवर आल्याबिगर जायचं न्हाई हां!" गेलो. तिथून पुढच्या खोपीवर. तिथून आणखी पुढे. प्रत्येक ठिकाणी खीर, प्रत्येक ठिकाणी भज्जी, प्रत्येक ठिकाणी मी हिशोब जुळवून दिला. शेवटच्या खोपीवर बाई म्हणाली, "खूप छान!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या स्वीकारल्या.

उन्हं कलायला लागली तेव्हा अप्पा लिंबाखाली पाय पसरून आडवे झाले आणि मोबाइल छातीवर धरून पाहू लागले. आई पाणी घेऊन आली. तिच्या हातातला तांब्या पडला.

अप्पांच्या पट्टीवर मुंगळे चढले होते. एक-दोन नाही, ओळ लागली होती. पट्टीच्या एका बाजूनं आत जात होते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होते. आणि अप्पा मोबाइलकडे पाहून हसत होते, कारण त्या पायाला काही होतंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बालाजीराव धावले. त्यांनी पंच्यानं मुंगळे झटकले, पट्टी सोडली, आणि पट्टी सोडताच मागे सरकले. वास तुंबलेल्या नालीचा नव्हता. आणि मी? मी, देवाशपथ सांगते, आधी मोबाइल पाहिला. हिरवा होता.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, "खाणं काय होतं यांचं?" मी ॲप उघडून पुढे केलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढला.

"बाई, हे आकडे फार उत्तम आहेत. कुणाचे आहेत?"

"यांचेच."

"मग हे पेशंट कुणाचे आहेत?"

मी त्यांना ओल्या-वाळक्या मालाचं सांगितलं. अगदी हळू आवाजात. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "रक्ताला सरासरी कळत नाही हो. गुलाबजाम खाल्ले ते खाल्लेच. वर हरभरे खाल्ले, तेही खाल्लेच." मग सहीसाठी कागद पुढे केला. अंगठा काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी अप्पांना उपाशी ठेवलं. त्यांना आत नेलं आणि आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. तेवढ्यात तिच्या मांडीवरचा अप्पांचा मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "अभिनंदन! आज तुम्ही एकही लाल पदार्थ खाल्लेला नाही!" आईनं मोबाइल दोन्ही हातांनी पदराखाली दाबला, एखाद्याचं तोंड दाबावं तसा, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.

अप्पांना खाटेवर आणलं. शुद्ध आल्यावर त्यांनी पांढऱ्या बोचक्यासारख्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "कडता गेला म्हणायचा." कडता म्हणजे माल तोलताना तुटीपोटी वजनातून जी काट मारतात, ती. मला हसू आलं आणि हसता हसताच हुंदका फुटला.

"अप्पा, माझ्यामुळं झालं हे."

"येडी का काय? तुझं गणित बराबर होतं. वला माल मिसळून राहिला तो मी."

"आन मी काय करून राहिले?" आई उसळली. "हरभरं कुणी शिजवले? मीच ना?"

मग तिघांची आपापला वाटा मोठा ठरवायची भांडणं लागली. नर्सनं येऊन दटावलं. ती गेल्यावर अप्पा छताकडे बघत बोलले. "शैले, वला दाना वाळक्यात घातला तरी तो वलाच ऱ्हातो बघ. मशीनला दिसत न्हाई, एवढंच. चार-आठ दिसांनी सगळं पोतं कुबट येतं. हे मला ठाव होतं गं. पर पोतं दरखेपी दुसऱ्याच्या गोदामात जायचं. माझ्या नाकाला कदी वास आला न्हाई." मी त्यांचा दुसरा पाय, धड होता तो, चेपत बसले. त्यालाही काही कळत नव्हतं.

सकाळी डॉक्टर फेरीला आले. जखमेकडे पाहून समाधानानं मान हलवली आणि मग माझ्याकडे वळले. "हा आजार घराण्यात उतरतो. तुम्ही कधी तपासलंय?"

मी कधीच तपासलं नव्हतं. आकडे दुसऱ्याचे पाहायची सवय. अजून चहाही झाला नव्हता, त्यामुळे नर्सनं लगेच माझं बोट टोचलं. बालाजीरावांनीही आपणहून बोट पुढे केलं, मला सोबत म्हणून.

"उपाशीपोटी सव्वाशेच्या वर गेली की डायबेटीस समजायचा," नर्स म्हणाली आणि यंत्राकडे पाहून थांबली. "तुमची एकशे छप्पन्न. साहेबांची चौऱ्याऐंशी."

आईनं पदर तोंडाला लावला. अप्पा पाय गुंडाळलेल्या अवस्थेत कोपरावर उठून माझ्याकडे बघत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. बालाजीरावांनी माझा हात धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, धीराचं, शहाणपणाचं, एवढं सगळं पाहिल्यावर माणसाच्या तोंडून जे निघायला हवं ते. मी दोन्ही आकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे दोघांची सरासरी एकशे वीस. पास!"